तहाचं टेबल

परराष्ट्र खात्यात सगळे तिला 'प्रयोगशाळा' म्हणत. भौतिकशास्त्रात पहिली आलेली पोर इथे कशाला कडमडली, हे कोडं तिच्या साहेबांना सहा महिने सुटलं नव्हतं. आज उमेदवारीचा शेवटचा दिवस. "संध्याकाळपर्यंत तुझ्या शास्त्राचा उपयोग दिसला तर कायम, नाहीतर रामराम," असं साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

समोर शेजारच्या देशाचे पाहुणे बसले होते. विषय सरहद्दीवरच्या तळ्याचा. पहिला तास, दाराकडे पाठ कुणी करायची यात गेला. अखेर पाहुण्यांनी केली, पण तोंडं फुगवून. त्यात ते चौकोनी टेबल मेलं डुगडुगत होतं. पाहुण्यांच्या प्रमुखांनी कोपर टेकलं की साहेबांचा चहा बशीत, साहेबांनी टेकलं की प्रमुखांचा.

"पायाखाली कागदाची घडी घाला," साहेब म्हणाले.

"कुणाच्या मसुद्याची?" प्रमुख गरजले. "आमचा मसुदा पायाखाली? शोभतं का हे?"

"मग काय आमचा घालू?"

"दोन्ही घाला की," चहावाल्या मावशी म्हणाल्या.

"पण वर कुणाचा?" दोघे एका सुरात ओरडले. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते एवढंच!

प्रमुख टोपी घेऊन उठले. प्रयोगशाळेने मनात देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं. "साहेब, पाय सारखे आहेत, मोजलेत मी. खोट फरशीत आहे. टेबल जागच्या जागी फिरवलं, तर पाव फेरीच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतातच."

"अगं, तह करायचाय की भोंडला?"

"फिरवू तर द्या!"

मावशींनी एक कोपरा धरला, तिने दुसरा. टेबल इंच इंच सरकू लागलं. आपली बाजू सुटू नये म्हणून दोन्ही देश हातात कपबशा घेऊन, खुर्च्या ढकलत मागोमाग फिरले. आणि टक्! टेबल थांबलं ते चांगलं तिरपं, पण खडकासारखं. साहेबांनी कोपर टेकून पाहिलं. चहा हलला नाही. प्रमुखांनी मागे पाहिलं. पाठीशी दार नव्हतं, खोलीचा कोपरा होता!

"आता बसतो," ते म्हणाले, आणि टोपी खाली ठेवली.

चार वाजता सह्या झाल्या, पाचला तिच्या हातात कायम केल्याचा हुकूम पडला. तिने आईला फोन लावला.

"म्हणजे तह तू घडवलास?"

"नाही गं, मी टेबल फिरवलं."

"बरं, मग रविवारी ये. आपल्या स्वयंपाकघरातलंही फिरव. तुझे बाबा वर्षभर 'बघतो' म्हणतायत."