नळी आली आणि मला रजा मिळाली

मित्रांनो, ऑपरेशनच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, रुंद दाते मिटून पडलेला पोलादी रिट्रॅक्टर दिसला, तर तो मीच. पाठीच्या ऑपरेशनात चिरेच्या दोन्ही कडा बाजूला धरून ठेवायच्या, हे माझं काम.

उमेदीची सगळी वर्षं मी मोठ्या बाईंच्या हाताखाली काढली. त्या मणक्याच्या डॉक्टर. वीतभर चीर द्यायची, मला आत बसवायचं आणि सगळं लख्ख दिसलं की मगच पुढे जायचं, ही त्यांची रीत. वाकून आलेली माणसं ताठ होऊन घरी जायची. त्याआधी ती कितीतरी दिवस अंथरुणात कण्हायची, ते मात्र मला कपाटात ऐकू यायचं नाही.

मग बाईंची भाची इथेच डॉक्टर म्हणून आली. तिच्याकडे बोटाएवढी नळी होती आणि नळीत दुर्बीण. बाई हसल्या. कुलपाच्या भोकातून घर झाडणार का, असं त्यांनी तिला विचारलं. मीही ट्रेमध्ये फुशारलो.

पण एके सकाळी बाईंच्याच कमरेत कळ आली. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली होती. पाऊल उचलेना, उशीर झाला तर ते कायमचं लुळं पडणार होतं. बाईंनी भाचीला बजावलं, चीर मोठी घे, माझा रिट्रॅक्टर वापर.

भाचीने बाईंच्या कमरेचा फोटो उजेडासमोर धरला. "गादीचा सरकलेला तुकडा वाटाण्याएवढा आहे, आत्या. मोठी चीर तुझ्या पाठीला हवीय, की तुझ्या सवयीला?"

बाईंनी फोटो हातात घेऊन स्वतः तपासला. मग म्हणाल्या, "बरं, नळीने कर. पण अडलीस तर हट्ट नको. हा जवळ असू दे."

मी सज्ज होतो. मला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर सांगत होत्या, बाई स्वतःच्या पायांनी व्हरांड्यात फिरल्या आणि चहा पाणचट म्हणून करवादल्या. खरं सांगतो, मला रुसायचं होतं, पण जमलंच नाही.

पुढे बाई भाचीकडून नळी शिकल्या. दुर्बिणीचं चित्र दिसणारा पडदा सोडून खाली हातांकडे बघायच्या आणि भाचीची बोलणी खायच्या. माझा कारभार आटोपला, असं मी धरून चाललो.

तेवढ्यात परांचीवरून पडलेला एक गवंडी आला. मणक्याचा चुरा झालेला, पाय बधिर होत चाललेले. नळीतून हे आवरणारं नव्हतं. भाचीने मला बाहेर काढायला सांगितलं आणि म्हणाली, "आत्या, आज तू पुढे हो."

बाई पुढे झाल्या, मी कडा धरल्या. आज तो गवंडी काठी टेकत का होईना, चालतो.

मित्रांनो, आता समोरची पाठ बघून ठरतं, काम कुणाचं. म्हणून माझे सांधे स्वच्छ करा, तेल घालून ठेवा. आणि त्या नळीलाही जपा, फार नाजूक आहे बिचारी. परवाच बाईंच्या हातून निसटली, भाचीने वरच्यावर झेलली.