नऊशे चाळीसच्या पुढे

तिरोड्याच्या दुर्गेश्वरी रहांगडालेने घरी दोन गिगाबिटचं इंटरनेट घेतलं, त्याला तीन आठवडे झाले होते. वेग मोजायच्या पानावर आकडा दोन हजाराच्या आसपास यायला हवा होता. तो नऊशे चाळीसला येऊन बसायचा आणि जागचा हलायचा नाही.

हौस म्हणून तिने ते घेतलं नव्हतं. नागपूरच्या एका सर्वेक्षण कंपनीचं काम ती घरी बसून करायची. जिल्ह्यातल्या जुन्या तलावांचे ड्रोनने काढलेले हजारो फोटो जोडून नकाशा करायचा. आदल्या दिवसाचे फोटो सकाळी नऊला यायचे, जवळजवळ नऊशे जीबी. ते उतरवून घ्यायला सव्वादोन तास लागत, आणि उन्हाळ्यात अकराला विजेची लाइन जाई ती तीनलाच येई. घरात इन्व्हर्टर होता, कॉम्प्युटर चालायचा; पण चौकातला इंटरनेटचा डबा बंद पडायचा. शेवटचे थोडे फोटो राहिले की सगळं ठप्प. दोनदा तिचं काम उशिरा गेलं होतं. तिसऱ्यांदा गेलं तर तलाव दुसऱ्या कोणाला देऊ, हे नागपूरच्या साहेबांनी फोनवर गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

कॉम्प्युटरचं जुनं पोर्ट एक गिगाबिटच्या पुढे जात नाही, हे तिने पहिल्याच आठवड्यात शोधलं आणि अडीच गिगाबिटचं कार्ड मागवून स्वतः बसवलं. आकडा तसाच. मग टॉर्च लावून राउटरच्या मागची चार पोर्टं वाचली. चारांत एकच अडीचचं होतं, आणि तार भलत्याच पोर्टात खुपसलेली. ती बदलली. आकडा तरीही तसाच. शेवटी तिने इंटरनेटवाल्यांच्या जागेश्वरला बोलावलं.

जागेश्वरने मोबाइलवर दोन-चारदा बोट फिरवलं. "मॅडम, इतनाच मिलता है. दोन हजार कागदावर राहते. नऊशे काही कमी आहे का जी?"

"मले नऊशे नको. कबूल केलं ते पायजे."

"लोक तर दोनशेत खुश आहेत."

"मी लोक नोहोय."

सासूबाई, पुष्पाबाई, दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "काऊन भांडून राहिली व त्याच्याशी?"

"भांडत नाही, आई. बिघाड कुठं आहे ते पाहून राहिली."

असं म्हणून ती मागच्या खोलीत गेली आणि कॉम्प्युटरचा जड डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर घेऊन आली. मग स्क्रीन, मग कीबोर्ड. जागेश्वर नुसता बघत राहिला. बैठकीत राउटरशेजारी तिने स्टुलावर सगळं मांडलं आणि राउटरसोबत आलेली हातभर तार थेट जोडली. काटा सरकला. हजार. पंधराशे. एकोणीसशे तीस.

"म्हणजे तुमची लाइन चांगली, माझं कार्डही चांगलं," ती म्हणाली. "राहिली मधली तार."

मधली तार बैठकीतून निघून छपराच्या कवेलूंच्या खालून, धानाच्या कोठीवरून मागच्या खोलीत गेली होती. दुर्गेश्वरीने पदर खोचला आणि शिडी लावली. जागेश्वर एकाएकी घाईत आला. "मॅडम, उद्या येतो ना मी. आता ऊन किती आहे!"

"उद्या नाही. आजच."

पुष्पाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि येऊन शिडी धरली. कोठीत धानाची धूळ नाकातोंडात जात होती, वर कवेलू तापून भट्टी झाले होते. दुर्गेश्वरी हात-हातभर तार चाचपत पुढे सरकली. कोठीच्या मधोमध, वाशाला बांधलेली काळ्या चिकटपट्टीची एक गाठ तिच्या हाताला लागली. पट्टी सोडली तर आत दोन तारांची टोकं नुसती पिळून जोडलेली.

"हे कोणं केलं?"

जागेश्वरने मान खाली घातली. "मीच जी. त्या दिवशी वायर कमी पडला. वाटलं, चालून जाईन."

"चाललं. पण अर्धंच चाललं."

त्याला ओरडावं असं तिला क्षणभर वाटलं होतं. पण त्याने कबूल केलं होतं आणि काम अजून व्हायचं होतं. "गाडीवर बंडल आहे का?" तिने विचारलं. होतं. मग दोघांनी मिळून कोठीवरून नवी, सलग तार ओढली आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत परत नेला. टोकाला प्लग बसवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. आठ बारीक रंगीत तारा ओळीने लावून पक्कडीने दाबल्या, आणि आकडा पुन्हा नऊशे चाळीस!

जागेश्वर हळूच म्हणाला, "राहू द्या ना आता."

उंबऱ्यात, उजेडात बसून तिने तो प्लग निरखला. तपकिरी तार आत नीट बसली नव्हती, पत्रीला जेमतेम टेकत होती. टोक कापलं, पुन्हा आठही तारा सरळ केल्या, एकेक मोजली, दाबली.

"झालं का व दोन हजार?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"एकोणीसशे वीस."

"मंग ऐंशी कुठी गेले?"

तीन आठवड्यांत दुर्गेश्वरी पहिल्यांदा हसली. "तेवढे वाटेतच लागते, आई."

दुसऱ्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनी शेवटचा फोटो उतरला. चौकातला डबा बंद पडला तेव्हा ती निम्मा तलाव जोडून बसली होती. संध्याकाळी सहाला नकाशा नागपूरला गेला.

तीन दिवसांनी जागेश्वरचा फोन आला. मागे कोणाच्या तरी घरातला आवाज येत होता. "मॅडम, देवरीले आलो. इथं बी नऊशे चाळीसवरच अडकून राहिला. पहिले काय पाहू?"

"तार तुम्हीच टाकली होती का?"

"नाही जी, दुसऱ्यानं."

"मंग पहिले कॉम्प्युटरचं पोर्ट पाहा," ती म्हणाली, आणि हातातलं काम बाजूला सारून त्याला सावकाश एकेक पायरी सांगू लागली.