उलट्या धारेचा चाकू

मी एक जुना मिटता चाकू आहे. लोधिवलीच्या एका घरात, ओसरीच्या कोनाड्यात, पणतीच्या मागे पडून असतो. माझी मूठ म्हशीच्या शिंगाची. पातं बोटभर लांब, आता गंजून मुठीतच बसलं आहे. मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही, पण एके काळी एका बाईच्या कमरेला मी सौभाग्याच्या लेण्यासारखा असायचो. ती गोष्ट सांगावीशी वाटते.

माझा जन्म चौकच्या येसाजी लोहाराच्या भट्टीत झाला. घाटातून आगगाडी नुकतीच धावू लागली होती, तो काळ. रेल्वेच्या एका साहेबाला गुलाबाच्या कलमांचा मोठा नाद. त्याचा विलायती चाकू ढिला झाला, म्हणून तो येसाजीकडे खिळा ठोकून घ्यायला आला आणि समोरच ठाण मांडून बसला. येसाजीला तो चाकू फार आवडला. पण साहेब बसलेला, माप घेणार कसं? त्याने साहेबाची नजर चुकवून चाकू भट्टीशेजारच्या ओल्या मातीत दाबला आणि उचलला. मातीत त्याचा ठसा उरला. साहेब गेला, आणि तो ठसा बघून बघून येसाजीने मला घडवलं.

लोखंड चांगलं, पाणी चांगलं दिलेलं. पातं उघडायला नखाची खाच केली. साहेबाच्या चाकूसारखी एक बाजू सपाट ठेवली आणि दुसऱ्या बाजूने धार उतरवली. मग मोठ्या ऐटीत त्याने मला उघडायला अंगठा लावला, तर नखाला खाचच सापडेना! कशीबशी उघडून काठी तासली, तर पातं लाकडात शिरायचं सोडून बाहेर पळू लागलं.

त्याची बायको भागूबाई भाता ओढत होती. ती हसायलाच लागली. “अवो, मातीत उमटलं त्ये उलटं उमटलं! रोज आरशात बघून गंध लावता, आन येवढं कळंना व्हय?”

“गप गं,” येसाजी म्हणाला. पण त्याचं तोंड उतरलं होतं. साहेबाच्या चाकूत जे उजवीकडे, ते माझ्यात डावीकडे आलं होतं.

झालं. गिऱ्हाईक यायचं, मला हातात घ्यायचं, नख झिजवायचं आणि परत टाकायचं. “ह्यो उलटा हाय!” हेच माझं नाव पडलं. पुढे भागूबाई माझ्या पाठीने भाकरीचा तवा खरवडू लागली. माझ्या शेजारचे विळे, कोयते एकेक करून घरोघर गेले. कुणाच्या शेतात, कुणाच्या उंबरठ्यावर. मी मात्र जन्मल्या घरीच राहिलो. ज्याचा उपयोगच झाला नाही त्याला झिजण्याचंही भाग्य नसतं, मित्रांनो.

असे किती पावसाळे गेले ते मला ठाऊक नाही. एका बाजाराच्या दिवशी लोधिवलीचा गजाबा दुकानात आला. म्हातारा शेतकरी, हाताला कंप सुटलेला. त्याच्या मागे पदर सावरत त्याची सून उभी होती. तिचं नाव चिंधी. आईची आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून देवाने हिला तरी ठेवावं या आशेने ठेवलेलं नाव.

“कलमाला चाकू दाव येसाजी,” गजाबा म्हणाला. “माझ्यासाटी नाय, हिच्यासाटी.”

येसाजीने दोन-तीन चाकू पुढे टाकले. चिंधीने एक उचलला, तो डाव्या हातात. उघडता येईना. दुसरा उघडला, पण काडी तासताना तिरका गेला. बाजूला विळ्याला धार लावून घ्यायला आलेला एक गडी खिदळला. “डावरी हाय! गजाबा, सुनंला आदी हात बदलून आणा, मग चाकू घ्या!”

चिंधीने मान खाली घातली. पण म्हातारा काही कमी नव्हता. “तुझी जीब बदलून मिळती का, त्ये आदी इचार,” तो म्हणाला.

खाली घातलेल्या त्या नजरेलाच मी दिसलो, तव्याशेजारी, काजळी लागलेला. तिने मला उचललं. डाव्या हाताचा अंगठा माझ्या खाचेत असा बसला, जशी काही ती खाच तिच्या नखाचं माप घेऊन केली असावी. टक्‌ करून मी उघडलो. तिने काडीवरून मला ओढलं. साल कागदासारखी निघाली, खालचं लाकूड सपाट, ओलं, चकचकीत.

“मामंजी,” ती हळूच म्हणाली, “ह्यो पळत नाय.”

येसाजी बघतच राहिला. “त्यो उलटा हाय गं बाई.”

“मी बी उलटीच हाय,” चिंधी म्हणाली, आणि दुकानात पहिल्यांदा हसली.

आता तिला चाकू कशाला हवा होता, ते ऐका. गजाबाच्या गोठ्यावर एक आंब्याचं झाड झुकलेलं होतं. फळाला देठाशी शेंदरी छटा, म्हणून त्याला शेंदऱ्या म्हणत. घरची म्हातारी सोनुबाई, म्हणजे चिंधीची सासू, मोठी नेमाची बाई. अक्षय्यतृतीयेला शेंदऱ्याचा आंबा पितरांना दाखवल्याशिवाय ती आंब्याचा रस जिभेला लावत नसे. तिच्या सासूचाही तोच नेम होता. पण शेंदऱ्याला आतून भिरुड किडीने पोखरलं होतं. गुरांवर कोसळण्याआधी, दिवाळी झाली की तोडायचा, असं ठरलं होतं. कोय लावून तसाच आंबा येत नाही. वाण राखायचा तर कलमच बांधायला हवं. घरात ती विद्या एकट्या गजाबाला येत होती, आणि त्याचे हात आता थरथरत होते.

मुलगा लडकू मनाचा चांगला, पण हात नांगराचा. त्याने तासलं की फांदीच तुटे. चिंधीचा हात मात्र हलका होता. आदल्या वर्षी तिने घरातल्या जुन्या चाकूने दोन कलमं बांधली, ती वाळली. तेव्हापासून सोनुबाईने मनात गाठ बांधली होती. मी घरात आलेला पाहताच ती म्हणाली, “झाड गेलं तर जाऊ दे. पर माझ्या पितरांच्या आंब्याला डावा हात लागायचा नाय. डाव्या हातानं लावलेलं फळत नाय, वाळतंच.”

सोनुबाई दुष्ट नव्हती हो. जे आजन्म पाळलं ते मोडायची तिला भीती वाटत होती. माणसाला देवाची भीती वाटते तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये, असं मला वाटतं.

गजाबाही वाद घालत बसला नाही. सकाळी ती देवापुढे बसली होती, उजव्या हातात निरांजन, तोंडाने आरती. तो दारातूनच म्हणाला, “आगं, येक इचारतो. घंटी कंच्या हातानं वाजवतीस?”

सोनुबाईची आरती मध्येच थांबली. तिने डाव्या हातातल्या घंटीकडे पाहिलं. मग आरती पुरी केली, प्रसाद दिला, आणि कुणाकडे न बघता म्हणाली, “चिंधी, सोमवारी कर. नहाऊन कर, उपाशी कर. आन वाळलं तर मला त्वांड दावू नको.”

चिंधीने कमरेशी मला घट्ट धरलं. आता प्रश्न नुसता झाडाचा राहिला नव्हता. वाळलं असतं तर त्या घरात तिच्या हाताला पुन्हा कधी तुळशीचं पानसुद्धा खुडू दिलं नसतं.

श्रावणातला सोमवार होता. कोयीतून वाढवलेली रोपं मडक्यांत तयार होती. लडकूने झाडाला बांबूंची माच बांधली आणि पाच मडकी तिच्यावर चढवली. चिंधीने मला तेल लावलं, कपाळाला टेकवलं आणि कामाला बसली. रोपाची साल एका बाजूने तासायची, फांदीचीही तितकीच तासायची, आणि जखमेला जखम लावून केळीच्या सोपटाने घट्ट बांधायची. आमच्याकडे याला भेट कलम म्हणतात. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तर भेट होत नाही, दोघंही आपापले वाळतात. त्या दिवशी मी जसा चाललो, तसा पुन्हा कधी चाललो असेन की नाही, सांगता येत नाही. शेजारच्या उंचवट्यावर बसल्या बसल्या गजाबा डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता. “हां,” तो म्हणायचा, “लोणी कापतीया.”

एक रोप आठवड्यातच मान टाकून बसलं. सोनुबाई आली, बघून परत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या मडक्यांना पाणी तीच घालू लागली, सोळा सोमवारांचं तीर्थ असावं तसं, थेंब थेंब.

आश्विन लागला. कलमं जुळत आली होती, पण अजून थोडे दिवस फांदीशी राहायला हवी होती. आणि एका दुपारी, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. शेंदऱ्या बुंध्यापासून करकरला. गुरं हंबरू लागली. लडकूने दावी सोडली, गुरं बाहेर हाकलली. झाड वाकलं, पण पडलं नाही. गोठ्याच्या आढ्यावर अडकून राहिलं. माच एका अंगाने लोंबली. चारी मडकी फांदीला बांधलेलीच. आता झाड पूर्ण कोसळलं की तीही जाणार.

चिंधी घरातून धावली. पण तिच्या आधी सोनुबाई माचीखाली पोचली होती. डोक्यावरून पाणी वाहत असलेली ती म्हातारी मडक्याला खालून दोन्ही हातांनी आधार देऊन उभी होती.

“हट आई, डोईवर झाड हाय!” लडकू ओरडला. त्याने चिंधीच्या कमरेतून मला ओढून घेतलं आणि तो मला उघडायला लागला. उजवा अंगठा, ओली मूठ. त्याला खाच सापडेना. एकदा निसटला, दोनदा निसटला. वर फांदी पुन्हा करकरली.

“आरं, तिच्याकडं दे!” सोनुबाई किंचाळली. “तिच्या हातात दे त्यो! चिंधी, काप गं! त्याच हातानं काप, माझे आई!”

टक्‌. मी उघडलो. जोडाच्या खाली शेंदऱ्याच्या फांदीवर एक काप, आणि पहिलं मडकं सोनुबाईच्या कवेत आलं. दुसरं लडकूने झेललं. तिसरं, चौथं. शेवटचं मडकं अंगणात टेकलं आणि शेंदऱ्या आढं मोडून गोठ्यात आडवा झाला. सोनुबाईने पडलेल्या खोडाला हात जोडले. मग चिंधीचा डावा हात आपल्या पदराने पुसला. तो चिकाने आणि मातीने भरला होता.

वेळेआधी तोडलेल्या त्या चारांपैकी दोन जगली. त्या खंडेनवमीला घरातल्या नांगर-कोयत्यांबरोबर पाटावर मी होतो. सोनुबाईने मला पहिलं कुंकू लावलं.

झाडं मोठी झाली. मोहर आला, गळला, पुन्हा आला. ज्या वर्षी पहिल्यांदा आंबा धरला, त्या अक्षय्यतृतीयेपर्यंत गजाबा राहिला नव्हता. त्याच्या पानावरच तो आंबा वाढला गेला. देठाशी तोच शेंदरी रंग. नैवेद्य झाल्यावर सोनुबाईने दुसरा आंबा चिंधीपुढे धरला. चिंधीने रीतीप्रमाणे उजवा हात पुढे केला. सोनुबाईने तो बाजूला सारला आणि आंबा तिच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

त्यानंतर मी पुष्कळ काम केलं. आजूबाजूच्या गावांतून लोक चिंधीकडे कलमं बांधून घ्यायला येत. ती दर सोमवारी मला तेल लावी. धार लावताना सपाट बाजूला दगड टेकू देत नसे. माझं पातं झिजून अर्धं झालं, पण ती झीज मला दागिन्यासारखी वाटे.

पुढे चिंधीही म्हातारी झाली आणि देवाघरी गेली. नव्या माणसांनी मला उचललं. नखाने खाच शोधली आणि म्हटलं, “उलटा हाय.” कुणी माझ्या टोकाने डब्याचं झाकण उचकटलं, तेव्हा टोक मोडलं. दोन पावसाळ्यांची ओल खिळ्यात गेली. आता मी उघडत नाही.

मित्रांनो, हत्यार वापरलं की पुसून ठेवावं, आणि ज्याने घरासाठी काम केलं त्याला म्हातारपणी तेलाचा थेंब द्यावा, एवढं मी सांगणारच होतो. पण आज सकाळी या कोनाड्यातून मी काही पाहिलं. चिंधीच्या नातवाची मुलगी जना ओसरीवर जेवायला बसली होती. घास उचलायला तिचा डावा हात पुढे जातो. म्हणून तिच्या आईने तो फडक्याने पाठीशी बांधून टाकला होता. पोर उजव्या हाताने भात सांडत होती आणि रडत होती. आईही वाईट नाही हो. तिलाही भीतीच वाटते.

परसात शेंदऱ्याची दोन्ही झाडं मोहरली आहेत. ती कुठल्या हाताने जगली, हे या घरात आता कुणाला ठाऊक नाही, आणि मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तेव्हा मित्रांनो, माझं तेल राहू द्या. आधी त्या पोरीचा हात सोडवा.