हितसंबंध

कडी पितळेची होती. मधोमध झिजून तिच्यात उथळ खळगा पडला होता, अंगठा नेमका बसेल एवढा… आणि तिचा अंगठा तिथे बसलाही, कुणाला न विचारता, आणि खिडकी आवाज न करता उघडली. अहवालात या कडीचं काय होणार ते तिला ठाऊक होतं. ‘खिडक्या : लाकडी, सुस्थितीत.’ संपलं. तीस-पस्तीस वर्षं एकच हात रोज सकाळी इथे यावा, धातू झिजवावा, आणि त्याची नोंद व्हावी ‘सुस्थितीत’. बाहेर अरुंद गल्ली, समोरच्या भिंतीवर ऊन, भिंतीला टेकवलेली कुणाचीतरी सायकल. दृश्य : सामान्य. सोमवारी तिने स्वतःच तसं लिहिलं होतं.

“काही राहिलं होतं का मोजायचं?” घरमालकीण दारातून विचारत होती.

“हो… म्हणजे या भिंतीचं माप जरा शंकास्पद वाटलं. पुन्हा बघून घेते.”

टेप तिच्या खांद्यावरच्या पिशवीतच होता. तो तिने आता घाईघाईने काढला, भिंतीला लावला, आकडा वाचला. सोमवारी आला होता तोच. तोच येणार हे तिला बसमध्ये चढतानाही माहीत होतं. मग आपण का आलो — हा प्रश्न तिने टेपबरोबर गुंडाळून पिशवीत टाकला.

घरांची किंमत ठरवणाऱ्या एका मूल्यांकनकाराच्या ऑफिसात ती एकोणीस वर्षं मदतनीस होती. मापं तिची, फोटो तिचे, आजूबाजूच्या विक्रीचे आकडे शोधायचे तिने, अहवाल टाईप करायचा तिने. सही मात्र साहेबांची, आणि सहीखालच्या नावापुढे संस्थेने दिलेली ती चार अक्षरं. ऑफिसात तिला सगळे ‘टेपबाई’ म्हणत. प्रेमानेच म्हणत. पण दिवसभर दुसऱ्याच्या नावापुढे चार अक्षरं टाईप करणाऱ्या बाईला त्या अक्षरांचं काय वाटत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती अक्षरं टाईप करताना तिची बोटं किंचित मंद होत. रिकाम्या कागदावर तिने ती एकदा स्वतःच्या नावापुढे लिहून पाहिली होती, आणि मग कागद इतका बारीक फाडला होता की जणू चोरीच केली होती.

संस्थेची सभासद व्हायचं तर परीक्षा हवी. ती दिली, तिसऱ्या खेपेला, एक्केचाळिसाव्या वर्षी पास झाली. दोन सभासदांची शिफारस हवी. मिळाली. केलेल्या प्रत्येक कामाची नोंदवही हवी, आणि त्यातल्या नोंदी-नोंदीवर साहेबांची सही, की हे काम हिनेच केलं. तिथे घोडं अडलं होतं. चार वर्षं साहेब ‘बघू’ म्हणत होते. आणि शेवटी एक नमुना अहवाल, पहिल्या मापापासून शेवटच्या सहीपर्यंत सबंध तिचा. अर्जाची मुदत आज पाचला संपत होती. मागच्या आठवड्यात साहेबांनी या पत्त्याचा कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि सहज म्हणाले, “हे घर तुझं.” म्हणजे हा अहवाल तुझा. त्यांना एवढंच म्हणायचं होतं.

हे घर तुझं.

“पाणी घ्या,” घरमालकीण म्हणाली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून तसाच, हळू आणि स्वच्छ. एकतिसाव्या वर्षी एकटीने घेतलेलं हे घर. आता गुडघे जिना चढू देत नव्हते, म्हणून भाचीकडे राहायला जायचं होतं. “एक विचारू का? इतकी घरं बघता तुम्ही. स्वतःचं अगदी निवडून घेतलं असेल.”

मी भावाकडे राहते, असं सांगायचं होतं. सतरा वर्षांपूर्वी थोडे दिवस म्हणून आले, आणि मागच्या खोलीत आहे, नऊ बाय सात, वहिनीचं शिवणयंत्र आणि जास्तीच्या गाद्या धरून. वहिनी वाईट नाही. वाईट असती तर केव्हाच बाहेर पडले असते… पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“लहानच आहे. दोन खोल्या. खिडकी पूर्वेला, सकाळी ऊन थेट टेबलावर येतं. टेबल खिडकीशीच ठेवलंय मी. पलंग आतल्या खोलीत, भिंतीला नाही, थोडा पुढे… म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरता येतं. स्वयंपाकघरात एकच खुर्ची आहे.” ती बोलत राहिली, स्वतःच्या आवाजाचं नवल करत. पडदे नाहीत, म्हणाली. शेल्फ करून घ्यायचंय, म्हणाली. आणि मध्येच तिला कळलं की आपण या घराबद्दल बोलतोय. फक्त यातलं सामान हलवलंय आपण. सोमवारपासून हलवतोय.

घरमालकीण दोन्ही टोकांचं ऐकण्याची सवय असलेल्या माणसासारखी गप्प होती. मग म्हणाली, “छान आहे की.” आणि थोड्या वेळाने, पेला उचलता उचलता, “भाची म्हणते दलालाला देऊन मोकळी हो. पण माझं मन होत नाही. माणूस बघून द्यावं म्हणते.”

निरोप घेऊन ती उठली. जिना उतरताना तिला घाम फुटला होता.

ऑफिसात साहेब नोंदवही पुढ्यात घेऊन बसले होते. “घे,” ते म्हणाले. “झाल्या एकदाच्या. हाताचा पार पिट्ट्या पडला.” तिने पानं उलटली. हजारावर नोंदी, प्रत्येकीसमोर सही; सुरुवातीच्या ऐसपैस, शेवटच्या नुसत्या रेघा. तिला वाटलं होतं, हे होईल तेव्हा आपण रडू.

“इतकी वर्षं थांबवलं तुला,” साहेब चष्मा पुसत म्हणाले. “खरं सांगू? तू सभासद झालीस की स्वतःचं वेगळं दुकान थाटणार. मग मी काय करू? मला तर आता टेप धरायलाही वाकता येत नाही.” ते ओशाळून हसले. “चल, सही ठोक त्या अहवालावर आणि पळ. पाच वाजतील.”

शेवटचं पान तिने समोर ओढलं. ‘सदर मालमत्तेत माझा कोणताही वर्तमान अथवा भावी हितसंबंध नाही.’ हे वाक्य तिला पाठ होतं. एकोणीस वर्षं टाईप केलेलं. पण त्यातला ‘माझा’ नेहमी साहेबांचा असायचा, आणि आज प्रथमच तो शब्द मान वळवून तिच्याकडे बघत होता.

“सर, हा अहवाल नको देऊ या.”

“का? आकडा चुकला?”

“आकडा बरोबर आहे. मला ते घर हवंय.”

साहेबांनी चष्मा लावला. “हवंय म्हणजे? घेणार आहेस? झेपणार आहे?”

“माहीत नाही.”

“मग झालं तर! नुसतं हवंसं वाटणं म्हणजे काय हितसंबंध होत नाही. मलाही कितीतरी घरं हवीशी वाटली. सही कर.”

“आज पुन्हा गेले होते मी. माप घ्यायला नव्हते गेले.”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “पुढची तारीख वर्षाने येते, ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“खुळी आहेस तू,” ते म्हणाले. पण पेन त्यांनीच टोपण लावून बाजूला ठेवलं.

ती चालतच घरी निघाली. पाच वाजून गेले, आणि वाजताना काही झालं नाही — दुकानांची दारं, वळणावर थांबलेली माणसं, सगळं होतं तिथेच. एक वर्ष गेलं हातचं. याचं दुःख होतं, चांगलं घसघशीत होतं. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी जागं झालं होतं. हवंय. हा शब्द आपण मोठ्याने, एका माणसाच्या तोंडावर बोललो! आजवर कधी, कुणाला… तिने आठवून पाहिलं. आईलाही नाही. चार अक्षरं हवीत असंसुद्धा ती कधी म्हणाली नव्हती. ‘जमलं तर बघावं म्हणते’, असं म्हणाली होती. त्या बाईला उद्या फोन करावा का, काय सांगावं, दोन खोल्यांची ती थाप कशी निस्तरावी — काहीच ठरत नव्हतं. छातीत धडधडत मात्र होतं, आणि ती धडधड थांबू नये असं वाटत होतं.

दार वहिनीने उघडलं. “आलीस? दिलास का गं अर्ज?”

“नाही. सांगते नंतर.”

वहिनीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही. “बरं, खायला काय करू तुला?”

‘काहीही चालेल’ हे शब्द तिच्या ओठांवर आले, नेहमीचे. ती चपला काढता काढता भिंतीला हात टेकून तशीच उभी राहिली.

“थांबा वहिनी,” ती म्हणाली. “विचार करून सांगते.”