दसऱ्याला पुसलेलं व्हॅसलीन

भोकरदनच्या स्टँडसमोर ‘कचरू ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी आहे. पाटी बापाची, काम लेकीचं. काचबिंदूनं कचरूचे दोन्ही डोळे नेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गाडीच्या पोटात हात जातो तो राजनंदिनीचाच. पण बाप खुर्चीवर बसून सगळं सांगतो आणि पोरगी नुसते स्क्रू आवळते, असं गिऱ्हाईक धरून चालतं. गाडी पळाली की कचरूकाकाचा हात, अडली की पोरीनं बिघडवली. वा रे न्याय!

धावड्याचा अंगद काळीपिवळी जीप चालवतो. पोळ्याच्या सुमारास तिनं त्या जीपला नवं वायरिंग घातलं. एकेक जोड घासला, आवळला, वरून व्हॅसलीनचा थर दिला, रबराच्या टोप्या चढवल्या. ओल जोडापर्यंत पोचू द्यायची नाही, हे त्याला दोनदा बजावलं. अंगद खूश होऊन पेढे घेऊन आला आणि कचरूच्या हातावर ठेवून गेला. तिनं तेही गिळलं.

आणि दिवाळी सरून पंधरा दिवस होत नाहीत, तोच हा पठ्ठ्या स्टँडवर भरल्या गर्दीत ओरडला, “बाईमाणसाच्या हातचं वायरिंग! पाशिंजर भरून निघालो अन् रस्त्यातच गाडी मुकी झाली!” दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइकं दुकानावरून पुढं निघून गेली. राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम खरंच वाईट झालं असतं, तर तिनं स्वतःचे कान धरले असते. पण आधी बघायचं, मग बोलायचं, एवढी साधी माणुसकी तरी ठेवावी की नाही?

दुसऱ्या दिवशी तीच जीप दोर बांधून दुकानापुढं आली. अंगद राजनंदिनीकडं न बघता सरळ आत शिरला.

“काका, तुम्ही सोता हात घाला. पोरीचं काम न्हाई हे.”

राजनंदिनीनं बोनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी फुलली होती. व्हॅसलीन औषधालाही नव्हतं, टोप्या गायब. जोडांच्या फटींत हळद बसलेली आणि एका वायरीत नारळाची शेंडी अडकलेली.

“अंगदभाऊ, व्हॅसलीन कुणी पुसलं?”

“मळकट दिसू राह्यलं होतं ते. दसऱ्याला पूजा करायची तर इंजन चकचकीत नको? साबणानं धुतलं, मंग नारळ फोडून पाणी शिंपडलं.”

“अन् टोप्या?”

“त्या घरी ठेवल्या बराबर. नव्या होत्या, खराब झाल्या असत्या.”

तिला हसावं की रडावं कळेना. “छत्री भिजंल म्हणून घरी ठेवायची अन् आपण पावसात हिंडायचं, होय? साबणाचं अन् नारळाचं पाणी जोडात मुरलं, त्यानं तांबं खाल्लं. देवाचं असलं तरी ते पाणीच. हे सगळं तुम्ही आपल्या हातानं केलं, अन् बट्टा माझ्या नावाला?”

अंगद कचरूकडं वळला. “काका, तुम्हीच सांगा आता.”

कचरू चाचपडत पुढं आला. बॅटरीच्या टोकांवरून त्यानं बोटं फिरवली. “मला तुझं तोंडबी दिसत न्हाई रे. चार वर्षं झाली, टेस्टर धरला न्हाई मी. तुझी जीप तिनंच बांधली. पेढे मी खाल्ले, तेवढं चुकलं माझं.”

अंगदचा चेहरा उतरला. आवाज एकदम मऊ झाला. “बरं ताई, झालं गेलं. जल्दी करून द्या, पाशिंजर खोळंबलेत. आपसात मिटवून टाकू.”

राजनंदिनीनं बोनेट धाडकन खाली पाडलं.

“ओरडताना आपसात ओरडले होते का? स्टँड समोरच आहे. तिथं सांगून या, मंग हात लावते.”

अंगद पाय ओढत रस्त्यापलीकडं गेला. दोन-तीन ड्रायव्हरांपुढं खाली मान घालून काहीतरी पुटपुटला आणि लगेच वळला. राजनंदिनी दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

“मला न्हाई ऐकू आलं,” ती तिथूनच ओरडली. “काल जेवढ्या आवाजात बोलले, तेवढ्यात बोला.”

चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. तीच कालची माणसं. अंगदनं कपाळावरचा घाम पुसला.

“वायरिंग बराबर होतं तिचं!” तो ओरडला. “व्हॅसलीन मीच पुसलं! पाणीबी मीच ओतलं!”

राजनंदिनी आत गेली, स्टोव्हवर पाणी गरम केलं, बुरशी धुवायला त्यात खायचा सोडा टाकला आणि ब्रश घेऊन बाहेर आली.

“आता या,” ती म्हणाली. “बोनेट उघडा.”