नऊ नंबरची जोडी

विनचं डोकं फिरलं होतं ते त्या सोन्याच्या वर्खावरून.

थायलंडमधल्या खोन केन शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलची सर्व्हर रूम. दोन फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणाऱ्या पेट्या, एकावर एक. वरच्या पेटीवर वर्ख, वर्खावर ठसठशीत नऊ. प्रासोंगसाहेबांनी मठात जाऊन विचारून आणलेला जोडीचा नंबर. साहेबांनी नेटवर्कसाठी आयुष्यात केलेलं काम काय, तर एवढंच.

आणि जोडी पक्की नालायक. वरची पेटी बंद पडली तर खालचीनं काम उचलायचं, चालू कॉल तुटू द्यायचे नाहीत, म्हणून तर दोन घेतलेल्या. कोण कोणाशी बोलतंय, हे वरची खालचीला जोडीचा नंबर लावून सतत कळवत असते. पण गेल्या चाचणीत वरची बंद केली आणि अँब्युलन्सच्या हेल्पलाइनवरचे सगळे कॉल तुटले. एक म्हातारा पत्ता सांगता सांगता गायब.

"आज दुपारी परत चाचणी," साहेब म्हणाले. शुभ वेळ होती म्हणे. "कॉल तुटले तर सोमवारपासून येऊ नकोस."

विननं वायर बदलली. कंपनीच्या माणसाला फोन लावला. "बंद करून चालू केलंत का?" तो म्हणाला. याचे पगार घेतो हा!

हेल्पलाइनची मुख्य तुक्ता भाताची पिशवी घेऊन आत डोकावली. वयानं मोठी, म्हणून विन तिला 'पी' म्हणायचा, म्हणजे ताई.

"काय रे, अजून ध्यान लावून बसलायस? माझ्या पोरींनी लोकांना काय सांगायचं, मरायचं जरा थांबा?"

"पी तुक्ता, जा ना यार."

"जाते. भात ठेवलाय. नोकरी गेली तरी पोट राहतं."

विननं खालच्या पेटीतली यादी उघडली. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. यादीत हेल्पलाइनचा एकही कॉल नाही. होती ती रक्त तपासायची मशीनं. हे पाहुणे कुठून आले?

मग डोक्यात दिवा पेटला. नव्या लॅबसाठी मागच्या महिन्यात दुसरी जोडी बसवली होती, पेट्यांचे निरोप जायचं नेटवर्क तेच. आणि तिचा नंबर? तोही नऊ! शुभ आकडा सोडतं का कोणी! ठेकेदारानं निमूट टाकलेला. लॅबची पेटी ओरडायची, हेल्पलाइनची खालची पेटी नऊ ऐकून ते आपलंच समजून लिहून घ्यायची. स्वतःचे कॉल तिच्या गावीही नव्हते.

"साहेब, एका जोडीचा नंबर बदलावा लागेल."

"नऊ हलवायचा नाही." साहेब चहा ढवळत राहिले. "अपशकुन आहे."

नोकरी जाणार, पत्ते तुटणार, आणि याला अपशकुन!

"हलवत नाही साहेब. लॅबला अजून एक नऊ देऊ. नव्व्याण्णव."

साहेबांचा चेहरा उजळला. "दोन नऊ? हे तू आधी का नाही बोललास?"

लॅबचा नंबर बदलला. खालच्या पेटीतल्या यादीतून पाहुणे गेले, हेल्पलाइनचे कॉल भराभरा उमटले. शुभ वेळ झाली. तुक्ता परत येऊन हेल्पलाइनवरच्या आपल्या एका पोरीशी फोनवर बोलत बसली. "हॅलो, पपईची कोशिंबीर, मिरच्या जास्त..." विननं वरच्या पेटीची वीज काढली.

"...आणि खेकडा नको. हॅलो? आहेस ना? आहे की!"

एकही कॉल तुटला नाही.

साहेबांनी वर्खासोबत सेल्फी काढला. विनला त्यात घेतलं नाही. "बघितलंस? नऊ कमी पडत होते. तुझी नोकरी नऊनं वाचवली."

विननं हात जोडले. वाकलाही.

"आता पार्किंगलाही जोडी घेतोय. तिला नऊशे नव्व्याण्णव दे."

"साहेब, दोनशे पंचावन्नच्या पुढे मशीन घेत नाही."

साहेब गंभीर झाले. "मग हलकं मशीन घेतलं कशाला?"

तुक्ता भाताचा घास तोंडात धरून बाहेर पळाली.