चष्मेवाल्यांचा मनोजय

चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी पोथी वाचली जायची. भिंतीवर फ्रेमा टांगलेल्या, कोपऱ्यात काच घासायचं चाक आणि समोर खुर्च्यांवर गल्लीतली शहाणी मंडळी. पोथीत एका राजाच्या गडाला वेढा पडलेला. चष्मेवाले अर्थ सांगायचे, "गड म्हणजे देह, राजा म्हणजे आपली जाणीव. आणि फितूर? ते घरचेच असतात. राग, लोभ, माया. त्यांना आधी वेशीबाहेर काढायचं." मंडळी माना डोलवायची. सांगायला काय जातं म्हणा!

पण या माणसाने ते करूनही दाखवलं होतं. बारक्या, त्यांचा एकुलता एक मुलगा, एकदा भर वाचनात फिस्सकन हसला. का, तर बापाचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. झालं. त्याच दिवशी पोराला घराबाहेर काढलं आणि पुढच्या रविवारी त्याचाच दाखला दिला, "माझी माया मी वेशीबाहेर घातली." बायकोने ते दाराआडून ऐकलं. 

आता बारक्या आजारी होता. भाड्याच्या खोलीत एकटा, ताप हटेना, अंगाची नुसती काडी झालेली. तिने नवऱ्याच्या हातापाया पडून कबूल करवून घेतलं होतं, की पोराने रविवारी यावं, चारचौघांत माफी मागावी, मग त्याला घरात घेऊ.

रविवारी तो आला. शेवटच्या खुर्चीवर बसला. अध्याय संपेपर्यंत बिचाऱ्याने खोकला दाबून धरला. मग भिंतीला धरून उभा राहिला.

"बाबा, चुकलं माझं. मला घरी येऊ द्या."

एका म्हाताऱ्याने डोळ्याला रुमाल लावला. चष्मेवाल्यांनी पोथीवर बोट ठेवलं आणि मंडळींकडे पाहिलं. पोराकडे नाही हं, मंडळींकडे.

"बघा, राजाची परीक्षा अशी होते. माया रडत येते, आजारी होऊन येते. वेस उघडली की गड गेला." मग शांतपणे म्हणाले, "नीघ आता."

बारक्या निघाला. पायरीवर जरा टेकला, मग उठून गेला. "केवढा हा संयम," म्हणत मंडळी पांगली. कसला संयम, डोंबलाचा!

दाराआडून सगळं ऐकलेली बायको खुर्च्या आवरता आवरता थांबली. "अहो, तुम्ही शब्द दिला होता मला."

चष्मेवाले पोथी बांधत होते. त्यांचा चेहरा इतका खुललेला तिने लग्नातही पाहिला नव्हता.

"ते राहू दे गं. मला सांग, शेवटी बोलताना माझा आवाज हलला का? जरासुद्धा?"

आवाज केसभरही हलला नव्हता. तिला चांगलं ठाऊक होतं.

"हलला," ती म्हणाली. "सगळ्यांना कळलं. तो म्हातारा उगीच डोळे पुसत होता, असं वाटतंय तुम्हाला?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पायात चपला सरकवल्या, पोराच्या खोलीवर राहायला जायचं म्हणून अंगावर शाल तेवढी घेतली आणि पायऱ्या उतरली. मागे चष्मेवाल्यांनी पोथी पुन्हा सोडली होती. रिकाम्या खुर्च्यांना ते सांगत होते, "नीघ आता. नीघ आता." रस्त्यावर आल्यावरही तिला आवाज येत होता, आणि आता मात्र तो खरोखर हलत होता.